बर्फावरून चालत येणारा माणूस: 'हार्बिन' बघण्याआधी थोडा कोरिया समजून घेऊ

परवा रविवारी जेवणं उरकल्यावर आमच्या वहिनींनी टीव्हीवर 'हार्बिन' लावला. कोरियन मालिका त्या नेमाने बघतात आणि ह्युन बिन त्यांचा आवडता नट, त्यामुळे निवड त्यांचीच. सुरुवातीलाच एक माणूस गोठलेल्या नदीवरून एकटा चालत येतो. चालतो, चालतो आणि शेवटी त्या बर्फावरच अंगाचं मुटकुळं करून पडून राहतो. अर्ध्या तासाने वहिनींनी सिनेमा थांबवला. "भाऊजी, हा नक्की लढतोय कोणाशी? आणि हाती लागलेल्या जपानी अधिकाऱ्याला सोडून कशाला दिलं? माझं तर डोकंच चालेना."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. हा सिनेमा कोरियन प्रेक्षकांसाठी बनला आहे आणि त्यांना ही गोष्ट शाळेपासून पाठ असते. अफझलखान कोण, प्रतापगड कुठे, हे मराठी प्रेक्षकाला सिनेमात समजावून सांगावं लागत नाही, तसंच. दिग्दर्शक वू मिन-हो यांनीही काही समजावलेलं नाही. आपण मात्र बाहेरचे. म्हणून वहिनींना त्या दुपारी जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो. सिनेमातला फितूर कोण, हे मात्र सांगणार नाही.

आधी एवढं लक्षात ठेवा

२६ ऑक्टोबर १९०९. चीनच्या ईशान्येला, मांचुरियात, हार्बिन नावाचं शहर. गाव चीनच्या हद्दीत, रेल्वे रशियाची. त्या स्टेशनच्या फलाटावर ३० वर्षांच्या आन जुंग-गन या कोरियन माणसाने इतो हिरोबुमी यांना पिस्तुलाने गोळ्या घातल्या. इतो म्हणजे जपानचे पहिले पंतप्रधान. चार वेळा त्या पदावर बसलेले, आधुनिक जपानची राज्यघटना घडवणाऱ्यांतले प्रमुख. जपानने पुढे त्यांचं चित्र १,००० येनच्या नोटेवर छापलं. कोरियात आन राष्ट्रपुरुष आहेत आणि सोलमध्ये त्यांचं मोठं स्मारक आहे. एका देशाच्या नोटेवरचा माणूस शेजारच्या देशाला आपला सर्वांत मोठा अपराधी वाटतो. असं का, हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

रेसिडेंट म्हटलं की मराठी माणसाला कळतं

कोरियन भाषेत एक म्हण आहे: देवमाशांच्या भांडणात कोळंबीची पाठ मोडते. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला जपान, डोक्यावर रशिया आणि मध्ये कोरिया. १८९४-९५ मध्ये जपानने चीनला हरवलं. ८ ऑक्टोबर १८९५ रोजी सोलच्या राजवाड्यात शिरून जपानी मारेकऱ्यांनी राणी म्योंगसोंग यांची हत्या केली, कारण त्या रशियाकडे झुकत होत्या. मारेकऱ्यांवर जपानमध्ये खटला चालला आणि पुराव्याअभावी सगळे सुटले. १९०४-०५ मध्ये जपानने रशियालाही हरवलं. आता कोरियाच्या आणि जपानच्या मध्ये कोणी उरलं नाही.

१७ नोव्हेंबर १९०५ रोजी इतो स्वतः सोलमध्ये होते. राजवाड्याभोवती जपानी सैनिक उभे होते. मंत्र्यांना एकत्र बसवून तहाला संमती मागितली गेली आणि पाच जणांनी ती दिली. कोरियात या पाच जणांना आजही 'उल्सा वर्षाचे (म्हणजे १९०५ चे) पाच देशद्रोही' म्हणतात. सम्राट गोजोंग यांनी त्या तहावर कधीच सही केली नाही. तरी तह लागू झाला आणि कोरिया जपानचं 'संरक्षित राज्य' बनलं. संरक्षित राज्य म्हणजे गादीवर राजा आपलाच, पण परदेशांशी बोलायचा हक्क दुसऱ्याच्या हातात.

आपल्याला हे समजायला वसईचा तह आठवला तरी पुरे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली. इंग्रजांना विचारल्याशिवाय परक्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत, हेही कबूल केलं. पेशवा गादीवर होता, पण पुण्यात बसलेला इंग्रज रेसिडेंट काय म्हणतो ते महत्त्वाचं ठरू लागलं. जपाननेही सोलमध्ये रेसिडेंट-जनरल नेमला आणि १९०६ मध्ये त्या पदावर पहिले आले ते इतोच. फरक एवढाच की बाजीराव होळकरांच्या धाकाने स्वतःहून इंग्रजांकडे गेला होता आणि गोजोंग शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले.

नुसतं नाही म्हणून ते थांबले नाहीत. १९०७ मध्ये हेगला जागतिक शांतता परिषद भरली, तिथे त्यांनी गुपचूप तीन दूत पाठवले. परिषदेने त्यांना दारातच अडवलं. कोरियाला परराष्ट्र व्यवहाराचा हक्कच नाही, मग तुम्ही कोणाचे प्रतिनिधी, असा सवाल. तिघांपैकी यी जुन तिथेच वारले. इकडे त्या आगळिकीबद्दल गोजोंग यांना सिंहासन सोडायला लावलं, त्यांच्या मुलाला गादीवर बसवलं आणि १ ऑगस्ट १९०७ रोजी कोरियाचं उरलंसुरलं सैन्यही बरखास्त केलं.

सिनेमात दिसणारी माणसं तिथून पुढची आहेत.

फौज नव्हे, उईब्योंग

उईब्योंग म्हणजे न्यायासाठी स्वतःहून उभी राहिलेली फौज. हा शब्द कोरियात जुना आहे. १५९२ मध्ये जपानने स्वारी केली तेव्हाही राजाच्या सैन्याखेरीज गावोगावचे लोक असेच उठले होते. १९०७ नंतर बरखास्त झालेले शिपाई त्यांना मिळाले. त्यांच्या जोडीला शेतकरी होते, शिकलेसवरलेले होते आणि डोंगरातले वाघ मारणारे शिकारीही होते. शिकाऱ्यांच्या बंदुका सरकारने जमा करायचा हुकूम काढला आणि पोटावर पाय आला म्हणून ते उठले. त्यांच्यातला होंग बोम-दो पुढे १९२० मध्ये जपानी सैन्याला मांचुरियात धूळ चारणारा सेनानी झाला.

फ्रेडरिक मॅकेन्झी हे पत्रकार १९०७ मध्ये या बंडखोरांना शोधत डोंगरात गेले आणि त्यांनी घेतलेलं एक छायाचित्र आज जगभर परिचित आहे. दहा-बारा जण ओळीत उभे. एकाच्या अंगावर जुन्या सैन्याचा गणवेश, बाकीचे साध्या कपड्यांत. बंदुका एकसारख्या नाहीत. काही पोरं तर मिसरूड न फुटलेली. समोर होतं नुकतंच रशियाला हरवून आलेलं सैन्य. जपानच्याच नोंदींप्रमाणे त्या काही वर्षांत सुमारे १७ हजार उईब्योंग मारले गेले.

सिनेमात चिखल आणि बर्फात, धापा टाकत, एकमेकांच्या अंगावर पडत झालेली एक लढाई दिसते. तिच्यात शौर्याचं संगीत नाही, कोणी आरोळी ठोकत हवेत उडत नाही. मला ती लढाई फार खरी वाटली. त्या छायाचित्रातली माणसं लढली असतील तर अशीच.

हाती लागलेल्या शत्रूला सोडलं कशाला?

वहिनींचा दुसरा प्रश्न होता तो हा. सगळ्या सिनेमाची गाठ इथेच आहे.

आन जुंग-गन यांचा जन्म १८७९ चा, हेजू गावचा. घर खातंपितं, जमीनजुमल्याचं. पुढे घराणं कॅथलिक झालं आणि त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव थॉमस. ते आधी शिक्षक-संस्थाचालक होते. शाळा काढल्या, देशाचं कर्ज फेडायच्या लोकचळवळीत भाग घेतला. सम्राटाला गादीवरून उतरवलं त्याच वर्षी ते रशियाच्या हद्दीत, व्लादिवोस्तोककडे गेले. तिथे हजारो कोरियन निर्वासित राहत होते आणि चे जे-ह्योंग यांच्यासारखे सधन कोरियन लढ्याला पैसा पुरवत होते.

१९०८ मध्ये आन एक तुकडी घेऊन तुमेन नदी ओलांडून कोरियात घुसले. सुरुवातीच्या चकमकींत यश आलं, काही जपानी कैदी हाती लागले आणि आन यांनी त्यांना सोडून दिलं. त्यांची शस्त्रंही परत दिली. सोबत्यांनी विचारलं, ते आपली माणसं पकडून मारतात, मग आपण का सोडायचं? आन यांचं म्हणणं असं होतं की युद्धकैद्याला मारणं राष्ट्राराष्ट्रांतल्या कायद्यात बसत नाही. आणि जपानची लोकसंख्या चार कोटी आहे, ती सगळी मारून का आपण स्वातंत्र्य मिळवणार आहोत?

काही सोबती तिथेच आपली माणसं घेऊन निघून गेले. थोड्याच दिवसांत जपानी सैन्याने त्यांच्या तुकडीला गाठलं आणि तुकडी फुटली.

पुढचं आन यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मचरित्रात आहे. कित्येक दिवस पावसात, डोंगरात, दिशा न कळता भटकणं. १२ दिवसांत फक्त दोनदा जेवण. परत पोचले तेव्हा अंगावर मांस उरलं नव्हतं आणि ओळखीच्या माणसांनाही ते ओळखू आले नाहीत.

आता तो बर्फावरचा माणूस पुन्हा आठवा. इतिहासात ही मोहीम उन्हाळ्या-पावसाळ्यातली, सिनेमात ती गोठलेल्या नदीवर आहे. मंगोलियातल्या खोव्स्गोल या गोठलेल्या तलावावर ते चित्रीकरण झालं. ऋतू बदलला, पण मनाची अवस्था तीच ठेवली. मी तत्त्व पाळलं आणि माझी माणसं मेली, हे ओझं घेऊन तो चालतो आहे. असं चालणं चार सेकंदांत कसं दाखवणार?

बोटाचं पेर

१९०९ च्या सुरुवातीला रशियाच्या हद्दीतल्या एका खेड्यात १२ जण जमले. प्रत्येकाने डाव्या हाताच्या अनामिकेचं पहिलं पेर छाटलं आणि त्या रक्ताने कोरियाच्या झेंड्यावर 'स्वतंत्र कोरिया' अशा अर्थाची अक्षरं लिहिली. आन त्यांतले एक.

मला हा प्रसंग वाचताना आधी अंगावर काटा येई आणि थोडा रागही येई, की ही कसली प्रतिज्ञा? नंतर लक्षात आलं, कैदी सोडल्यापासून आन यांच्यावर त्यांच्याच लोकांचा पूर्ण विश्वास उरला नव्हता. पैसा देणारेही हात आखडते घेत होते. शब्दाला किंमत राहत नाही तेव्हा माणूस शरीर गहाण टाकतो. सिनेमातले सोबती आन यांच्याकडे ज्या नजरेने बघतात, तिच्यात हा संशय सतत आहे. त्यात गटात फितूर आहे हे कळतं आणि मग प्रत्येक जेवण, प्रत्येक आगगाडीचा प्रवास, प्रत्येक बंद दार जड होऊन जातं.

सिनेमा इतका संथ का?

या सिनेमाबद्दल सगळ्यांत जास्त तक्रार हीच आहे. शत्रू ठरला, पिस्तूल आहे, मग दोन तास कशात जातात? वाट बघण्यात. आणि ते ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आहे.

इतो हार्बिनला येणार, रशियाचे अर्थमंत्री कोकोव्त्सोव यांना भेटणार, एवढं वर्तमानपत्रांतून कळलं होतं. पण गाडी नक्की कधी येणार? इतो कुठल्या स्टेशनवर उतरणार? दिसतात कसे? आन यांनी इतोंना कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. म्हणून दोन जागा धरल्या. उ दोक-सुन आणि जो दो-सन हे दोघे छायच्यागोऊ या अलीकडच्या लहान स्टेशनवर थांबले. एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींना तिथे वाट देत. पण इतोंची गाडी पहाटे तिथून गेली तेव्हा रशियन पहारेकऱ्यांनी या दोघांना खोलीबाहेर पडूच दिलं नाही. त्या दोघांची सगळी तयारी एका बंद दाराने फुकट गेली. एवढं घडलं आणि हार्बिनमध्ये आन यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ते स्वतः सकाळी सातच्या सुमाराला हार्बिन स्टेशनवर पोचले. जपानी रहिवाशांना स्वागतासाठी फारशी तपासणी न करता आत सोडत होते, त्या गर्दीत मिसळून आत गेले. गाडी नऊला. मधले दोन तास त्यांनी स्टेशनवरच्या चहाच्या दुकानात काढले, दोन-तीन कप चहा पीत. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

मी त्या चहापाशी नेहमी अडखळतो. खिशात भरलेलं पिस्तूल आहे, बाहेर रशियन सैनिक रांगेत उभे राहताहेत, बँड जमतो आहे आणि एक माणूस चहा पितो आहे. कारण दुसरं करण्यासारखं काही नाही. भूमिगत लढ्यातला बहुतेक वेळ असाच गेला: चालण्यात, थंडीत थांबण्यात, समोरच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवण्यात. गोळी सुटायला एक क्षण पुरतो. सिनेमाने तो क्षण सोडून उरलेल्या वेळाला हात घातला, म्हणून तो संथ आहे. ज्यांना कंटाळा आला त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण कॅमेरा रिकाम्या अंधाऱ्या खोलीत थांबतो तेव्हा काय दाखवतो आहे ते माहीत असलं, तर त्या खोल्या रिकाम्या वाटत नाहीत.

फलाटावर काय झालं

साडेनऊच्या सुमाराला इतो गाडीतून उतरून मानवंदना घेत चालू लागले. सैनिकांच्या रांगेमागून आन पुढे झाले आणि पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या. तीन लागल्या. मग त्यांच्या मनात आलं, हा इतो नसलाच तर? म्हणून शेजारच्या भारदस्त दिसणाऱ्या माणसांवरही झाडल्या. जपानचे महावाणिज्यदूत आणि आणखी दोन अधिकारी जखमी झाले. रशियन शिपायांनी धरलं तेव्हा आन ओरडले, "कोरेया उरा!" रशियन भाषेत, कोरिया जिंदाबाद. इतो अर्ध्या तासात वारले.

सिनेमात हा प्रसंग उंचावरून दिसतो. चेहरे जवळून नाहीत, रक्ताचं प्रदर्शन नाही. फलाटावर माणसं मुंग्यांएवढी. काहींना हे निराशाजनक वाटलं. मला वाटलं, वाटेत मेलेले सगळे वरून बघत असतील तर त्यांना एवढंच दिसेल.

पण मारून मिळालं काय? वर्षभरात देश खालसाच झाला ना!

ही शंका अगदी रास्त आहे. २२ ऑगस्ट १९१० रोजी खालसा करण्याच्या तहावर सह्या झाल्या आणि २९ ऑगस्टला तो लागू झाला. कोरिया नावाचा देश नकाशावरून गेला. इतो तर तुलनेने मवाळ होते, कोरिया लगेच गिळावा या मताचे नव्हते, त्यांना मारून आन यांनी उलट घाई करवली, असंही म्हटलं जातं.

तारखा मात्र वेगळं सांगतात. कोरिया खालसा करायचा निर्णय जपानच्या मंत्रिमंडळाने ६ जुलै १९०९ रोजीच घेतला होता. हार्बिनच्या साडेतीन महिने आधी. आणि त्या वसंतात इतोंनीही त्याला मान हलवली होती. गोळीने निर्णय बदलला नाही, आणि गोळीमुळे तो झालाही नाही.

मग मिळालं काय? खटला मिळाला. जपानने आन यांना रशियाकडून ताब्यात घेतलं आणि ल्युशुनच्या, म्हणजे पोर्ट आर्थरच्या, आपल्या न्यायालयात उभं केलं. न्यायाधीश जपानी, सरकारी वकील जपानी, बचावाचे वकीलही जपानीच. आन यांनी इतोंचे १५ अपराध मोजून दाखवले: राणीची हत्या, जबरीचा तह, सम्राटाची पदच्युती, सैन्य मोडणं आणि असे बरेच. ते म्हणाले, मी खुनी नाही, मी कोरियन उईब्योंगचा सेनानी आहे, मला युद्धकैदी माना. हार्बिनच्या आधी वर्षभर, आपल्या हाती सापडलेल्या जपान्यांना त्यांनी हाच कायदा लावला होता आणि त्यासाठी जबर किंमत मोजली होती. त्यामुळे हा मुद्दा त्यांच्या तोंडी वकिली डावपेच वाटत नाही. न्यायालयाने तो मानला नाही. १४ फेब्रुवारी १९१० रोजी फाशी सुनावली. त्यांनी वरच्या न्यायालयात अपील केलं नाही.

शेवटी ही हत्याच ना? दहशतवाद म्हणायचं की काय?

२०१४ मध्ये हार्बिन स्टेशनवर आन यांचं स्मारक-दालन उघडलं तेव्हा जपान सरकारच्या प्रवक्त्याने त्यांना दहशतवादी म्हटलं. चीन आणि दक्षिण कोरिया भडकले. म्हणजे हा वाद जुना झालेला नाही.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. हार्बिननंतर दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. आन यांना २६ मार्च १९१० रोजी फाशी झाली आणि कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण काळ तोच आणि कोंडीही तीच. अर्ज-विनंत्या संपल्या, दूत दारातून परत पाठवले गेले, सैन्य मोडलं. मग उरतं काय?

आन यांनी स्वतःला या प्रश्नातून सोपं सोडवून घेतलं नाही. ते धर्मनिष्ठ होते. सोलच्या बिशपने त्यांच्याकडे जायला मनाई केली, तरी त्यांना बाप्तिस्मा देणारे फ्रेंच पाद्री विल्हेल्म ल्युशुनला गेले आणि त्याची शिक्षा त्यांनी भोगली. कोरियन कॅथलिक चर्चने आन यांची स्मृती उघडपणे जवळ करायला १९९३ उजाडलं.

तुरुंगात ते पूर्व आशियातल्या शांततेवर निबंध लिहीत होते. कोरिया, चीन आणि जपान यांनी ल्युशुनला एकत्र यावं, सामाईक बँक आणि चलन असावं, तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, असे त्यांचे विचार होते. निबंध पुरा होईपर्यंत त्यांनी मुदत मागितली होती. ती मिळाली नाही आणि निबंध अर्धाच राहिला. दहशत हा ज्याचा हेतू असतो, तो माणूस शेवटच्या महिन्यात शत्रूबरोबर सामाईक बँक काढायचा विचार करत बसत नाही, असं मला वाटतं.

पण जपानने तर आशियाची मान उंचावली होती

आपल्याकडे हे हटकून निघतं, आणि त्यात तथ्य आहे. १९०५ मध्ये एका आशियाई देशाने रशियाला हरवलं तेव्हा भारतातल्या देशभक्तांना केवढा आनंद झाला होता! पण त्याच विजयाने कोरियाचा गळा आवळला गेला. आणि त्यात आपलंही नाव गुंतलेलं आहे. १२ ऑगस्ट १९०५ रोजी ब्रिटन आणि जपान यांनी आपल्या मैत्रीच्या कराराचं नूतनीकरण केलं. त्याच्या तिसऱ्या कलमात ब्रिटनने कोरियातलं जपानचं वर्चस्व मान्य केलं आणि चौथ्या कलमात जपानने भारताच्या सरहद्दीवर ब्रिटनला हवं ते करायचा हक्क मान्य केला. तू कोरिया घे, मी भारत ठेवतो. एकाच कागदावर, लागोपाठच्या दोन कलमांत.

पुढे नेताजींची आझाद हिंद सेना जपानबरोबर इम्फाळवर चालून आली, तेव्हा समोर इंग्रजांच्या बाजूला कोरियन स्वातंत्र्यसेनेची एक लहानशी तुकडी होती. जपानी सैनिकांना शरण यायचं आवाहन करणं, पकडलेले कागद वाचणं अशी कामं ती करत होती. दोन्ही बाजूंना आपापल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आलेली माणसं. यात कोण चूक असं मला म्हणता येत नाही. आपल्या मित्राने दुसऱ्याच्या घरी काय केलं हे मात्र माहीत असायला हवं. कोरियाचा मुक्तिदिन १५ ऑगस्टच आहे, १९४५ चा.

सिनेमात खरं किती?

आन, उ दोक-सुन, चे जे-ह्योंग, इतो ही माणसं खरी. सोबती किम सांग-ह्योन, ली छांग-सोप, स्फोटकं मिळवायला धडपडणाऱ्या गोंग बाई आणि पाठलाग करणारा जपानी अधिकारी मोरी ही पात्रं रचलेली आहेत. मोरी मला जरा एकसुरी वाटला. कैदी सोडण्याचा प्रश्न इतका अवघड आहे, तर सुटलेला कैदीही थोडा अवघड हवा होता. खऱ्या इतिहासात असा एक जपानी होता. ल्युशुनच्या तुरुंगात आन यांच्यावर पहारा करणारा चिबा तोशिची. सुरुवातीला त्याला या कैद्याचा तिरस्कार होता. पुढे तो इतका बदलला की फाशीच्या दिवशी आन यांनी त्याला स्वहस्ते अक्षरं लिहून दिली: देशासाठी झिजणं हा सैनिकाचा धर्म. खाली सही आणि शिक्क्याऐवजी डाव्या हाताचा शाईचा ठसा, अनामिका आखूड. चिबाने तो कागद मरेपर्यंत जपला, त्याच्यामागे घरच्यांनी जपला आणि पुढे तो कोरियाला परत दिला.

फाशीनंतर आन यांचे दोन भाऊ प्रेत मागायला तुरुंगाच्या दारात आले. आन यांनी सांगून ठेवलं होतं, मला हार्बिनला पुरा आणि देश स्वतंत्र झाला की घरी न्या. प्रेत भावांना दिलं नाही. तुरुंगाच्या दफनभूमीत कुठेतरी पुरलं. १९३९ मध्ये आन यांच्या धाकट्या मुलाला सोलमध्ये इतोंच्या मुलासमोर उभं करून वडिलांच्या वतीने माफी मागायला लावली आणि त्याची बातमी गाजवली गेली. देश मुक्त झाल्यावर सोलच्या ह्योछांग बागेत तीन हुतात्म्यांच्या अस्थी आणून पुरल्या आणि त्यांच्या शेजारी आन जुंग-गन यांच्यासाठी चौथी कबर बांधून ठेवली. ल्युशुनमध्ये अनेकदा शोध झाला. ती चौथी कबर अजून रिकामी आहे.